तिसऱ्यांदा गेलेली यादी

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास चाऱ्याची यादी तिसऱ्यांदा गेली.

कुणी फाडली नाही, कुणी जाळली नाही. बोरी खोरे सहकारी दूध संघाच्या जळकोटच्या कचेरीत, आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पोटात ती होती, आणि एकाएकी नव्हती. पडदा काळा पडला, क्षणभरानं यंत्र आपणहून पुन्हा सुरू झालं, आणि अकराशे चाळीस सभासदांची नावं, त्यांची जनावरं, प्रत्येकाच्या वाट्याच्या कडब्याच्या पेंढ्या, सगळं पुसून निर्विकार बसलं.

साल सत्त्याऐंशी, वैशाखाचे दिवस. लागोपाठ दुसऱ्या साली पावसानं पाठ फिरवली होती. परमुलखातून आलेल्या कडब्याचे दोन ट्रक संघाच्या आवारात ताडपत्रीखाली उभे होते आणि कुंपणाबाहेर हाडं निघालेल्या गाई त्यांच्याकडं बघत उभ्या होत्या. पण वाटप करता येत नव्हतं. गेल्या साली हातानं केलेल्या यादीवरून डोकी फुटली, म्हणून सर्वसाधारण सभेनं ठरावच केला होता, की कॉम्प्युटरमधून छापून निघेल तीच यादी खरी.

चेअरमन नानासाहेबांनी गुरुलिंगअप्पांना बोलावणं धाडलं. गुरुलिंगअप्पा म्हणजे संघाचे जुने वायरमन. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आता पंचक्रोशीत कुठंही सप्ताह बसला की माईक आणि भोंगे त्यांचे. भाडं मिळो न मिळो, बुवांच्या पायाशी बसून कीर्तन ऐकायला मिळतं, एवढ्यावर माणूस तृप्त. गावात शिवनाम सप्ताह चालू होता, आणि सकाळचा पाठ सोडून यावं लागलं म्हणून ते जरा कुरकुरतच आले.

"अप्पा, भोंगा बिघडला तर नुसत्या आवाजावरून तुमी दोष सांगता," नानासाहेब म्हणाले. "हे बी यंत्रच हाय. सोमवारी संचालकांची बैठक हाय. तवर कारण घावलं न्हाय, तर कॉम्प्युटरवरच्या पोरीला कमी करावं लागंल. मुद्दाम नुकसान केलं, असं लिहून."

"पोरीनंच केलं कशावरून?"

"लाईटचा दोष म्हणावा, तर ह्यो एवढा मोठा स्टॅबिलायझर बसवलाय. यंत्राचा दोष म्हणावा, तर कंपनीला ट्रंक कॉल लावला. ते म्हणतात, गेल्या महिन्यात दीडशे वॅटचा मोठा पॉवर सप्लाय दिलाय, आमच्याकडं कागद हाय, यंत्रात खोट न्हाय, चालवतं कोण ते बगा. बसवायला आला हुता तो इंजिनिअर नोकरी सोडून गेलाय. मग राहिलं कोण?"

गुरुलिंगअप्पांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. एक गाय कुंपणातून मान घालून ताडपत्रीची लोंबती दोरी चघळत होती.

"सोमवार म्हणजे मधी दोनच दिवस," ते म्हणाले. "आन् त्यात रविवारी प्रसादाचं कीर्तन."

२

यशोधरा बनसोडे तेवीस वर्षांची होती. तिच्या वडिलांनी रोजगार हमीवर खडी फोडून तिला सोलापूरला कॉम्प्युटर शिकायला ठेवलं होतं. संघाच्या कचेरीत खुर्चीवर बसणारी त्यांच्या वस्तीतली ती पहिलीच.

"मामा, नोकरी गेली तर दुसरी बघीन," ती म्हणाली. आवाज शांत होता, बोटं मात्र पदराशी चाळा करत होती. "पण मुद्दाम केलं असं लिहून दिलं, तर तो कागद जन्मभर माझ्या पुढं चालेल. माझ्यामागून येणाऱ्या पोरींच्याही."

"पोरी, म्या न्यायाधीश न्हाय. मला यंत्र कळतं का तेवढं बगू. कधीपासून बिघडलं?"

"चौदा एप्रिलपासून. त्या दिवशी जयंती, मी रजेवर होते. इंजिनिअर आला, हार्ड डिस्क बसवून गेला. आधी नुसत्या फ्लॉपीवर चालायचं. आता लोक मला टोमणे मारतात, म्हणतात जयंतीचा गुलाल यंत्राला चढला."

तिनं एक वही पुढं केली. यंत्र कधी कधी बंद पडलं, त्या वेळी ती काय करत होती, सगळं तारीखवार लिहिलेलं. गुरुलिंगअप्पांनी चष्मा चढवून पानं उलटली. दिवसभर नावं टाईप केली, तर यंत्र कुरकुरत नाही. छापण्याआधी यादी हार्ड डिस्कवरून फ्लॉपीवर उतरवायला घेतली की मात्र पडतं. काही सकाळी दोनदा बटण दाबल्याशिवाय सुरूच होत नाही.

"आता करून दाखव."

तिनं फ्लॉपी घातली. हार्ड डिस्क घुमत होतीच, त्यात फ्लॉपीची घरघर मिसळली. गुरुलिंगअप्पांनी डोळे मिटून कान दिला. दोन आवाज जोडीनं चालले, आणि मग मोठ्या यंत्राचा सूर एकदम खाली उतरला, गायकाचा दम संपावा तसा. पडदा काळा. ते डोळे उघडून आधी स्टॅबिलायझरकडं वळले. काटा दोनशे तीसवर ठाम. डोक्यावरचा पंखाही एका चालीनं फिरत होता.

"पॉवर सप्लाय कमी पडत असंल काय?" त्यांनी विचारलं.

"मलाही तेच वाटलं होतं. पण हा कागद बघा."

कागदावर कंपनीचा शिक्का होता. हार्ड डिस्क एक, दीडशे वॅटचा पॉवर सप्लाय एक, दोन्ही बसवून दिले. खाली सही, कल्याणप्पा, भांडारप्रमुख.

बाहेर वायरमन आबाराव बिडी ओढत उभा होता. गुरुलिंगअप्पांच्या हाताखाली शिकलेला गडी.

"वस्ताद, माझ्यावर डोळा ठेवू नका," तो आपणहून म्हणाला. "माझ्या पुतण्याला ही जागा पायजे हुती, हे गावाला ठावं हाय. पण यादी पडली की पयला मार माझ्याच म्हशींना बसतो. दोन म्हशी हाडावर आल्यात."

"तू मेन स्विच हलवतोस, असं कुणी तरी म्हणत हुतं."

"मेन हलवला तर पंखा थांबंल की! वस्ताद, तुमीच शिकवलंय न्हाय का?"

गुरुलिंगअप्पा हसले. उत्तर बरोबर होतं.

तेवढ्यात कल्याणप्पा आले. साठीला टेकलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, सप्ताहात टाळकऱ्यांच्या पहिल्या ओळीत उभे राहणारे. हातात कण्हेरीचं फूल. रोजच्यासारखे ते आतल्या खोलीत गेले, यंत्राला हात जोडले. फूल त्यांनी पडद्यापुढं ठेवलं नाही. वळसा घालून मागं गेले आणि पेटाऱ्याच्या उजव्या कोपऱ्याशी ठेवलं.

"फूल मागं का हो, कल्याणप्पा?" गुरुलिंगअप्पांनी विचारलं.

"पुढं वारा लागतो, अण्णा. उडून जातंय."

वारा? गुरुलिंगअप्पांनी वर पाहिलं. पंखा बरोबर त्या मागच्या कोपऱ्यावरच फिरत होता.

३

रविवारी सकाळी प्रसादाचं कीर्तन. कडक ऊन म्हणून मांडव दुप्पट वाढवला होता, आणि लांबवर बसलेल्या बायामाणसांना ऐकू जावं म्हणून गुरुलिंगअप्पांनी दोनाचे चार भोंगे केले होते. खाली गाडीची बॅटरी, तिच्यावर चालणारा त्यांचा वीस वर्षांचा अँप्लिफायर.

बुवा रंगात आले होते. "एक बाई पाणी घेऊन निघाली," त्यांनी दृष्टांत घेतला. "डोक्यावर एक घागर. सासू म्हणाली, दुसरी घे. घेतली. जाऊ म्हणाली, लेकरू कडेवर घे. घेतलं. सपाटीला चालली बापडी, कुणाला काही कळलं नाही. घराशी आली, उंबऱ्याला पाय उचलला, आणि कोसळली! घागरी फुटल्या. आणि मायबाप हो, लोक काय म्हणाले? उंबरा वाईट! ओझं लादलं ते विहिरीवर. तिकडं कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही."

मांडवभर बायकांनी सुस्कारा टाकला. गुरुलिंगअप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते नेहमीच यायचं, पण आज मनात काहीतरी टोचलंही.

बुवांनी गजर धरला. मृदंग, पन्नास टाळ, हजार गळे एकदम. आणि नेमका त्याच क्षणी चारही भोंग्यांचा आवाज खोल गेला, घोगरा झाला, बसला.

लोक माईकवाल्याकडं वळून पाहू लागले. पहिल्या ओळीतून कल्याणप्पांनी टाळ थांबवून विचारलं, "अण्णा, भोंगा तुटला का काय?"

गुरुलिंगअप्पा जागचे हलले नाहीत. तीन तास एकटे बुवा बोलत होते, तेव्हा अँप्लिफायरनं तक्रार केली नव्हती. भोंगा शाबूत होता. बॅटरी भरलेली होती. वीस वर्षांचं ते खोकं दोन भोंग्यांच्या ताकदीचं, त्यांनीच त्याच्यावर चार लादले होते. परवा. मांडव घालताना.

"भोंगा न्हाय तुटला," ते सावकाश म्हणाले. आणि तो उतरलेला सूर आपण शुक्रवारी कुठं ऐकला होता, हेही त्यांना आठवलं.

दोन भोंगे सोडवून त्यांनी गजर पुरा होऊ दिला, प्रसाद कपाळाला लावला, आणि तसेच अनवाणी संघाच्या कचेरीकडं निघाले.

४

यशोधरा आणि आबाराव दोघांनाही त्यांनी बोलावून घेतलं. मागचे स्क्रू काढून आबारावनं यंत्राचा पत्रा उचलला.

"सप्लाय दाखव."

"हा, मामा. मागं उजवीकडं, हा पत्र्याचा डबा. सगळ्यांना वीज इथूनच वाटली जाते. भिंतीतून कितीही चांगली वीज आली, तरी डबा लहान असला तर आत कमीच."

मागं उजवीकडं. गुरुलिंगअप्पांनी कण्हेरीचं सुकलेलं फूल बाजूला केलं आणि बॅटरीचा झोत टाकला. डब्याच्या बाजूला कंपनीची चिठ्ठी होती, पण तिच्यावर पांढरं काही तरी थापलं होतं. तीन आडवे पट्टे. बोटांनी ओढलेले.

"भस्म," आबाराव पुटपुटला. "वस्ताद, हे दसऱ्याचं! मठाच्या महाराजांनी यंत्राची पूजा केली तवा पत्रा उघडून ह्यो डबा पुजला हुता. म्या स्वतः समई धरली हुती. महाराज म्हणाले, ह्यो यंत्राचा प्राण."

"दसऱ्याला," गुरुलिंगअप्पा म्हणाले. "आन् नवा डबा बसला कधी?"

यशोधरानं वहीचं पहिलं पान उघडलं. "चौदा एप्रिलला."

"मग एप्रिलात आलेल्या डब्याला दसऱ्याचं भस्म कसं लागलं?"

गुरुलिंगअप्पांनी उपरण्याचं टोक ओलं केलं, मनात नमस्कार केला आणि चिठ्ठीपुरतं भस्म हलक्या हातानं टिपून घेतलं. खालचा आकडा दिसला. पासष्ट वॅट.

"दीडशेचा डबा कागदावर बसला, यंत्रात न्हाय," ते म्हणाले. "आबा, मेन तू हलवला असतास तर पंखा थांबला असता. पोरी, तुला यादी बुडवायची असती, तर यंत्र कधी पडतं त्याची वही तू लिहिली नसतीस. शुक्रवारी यंत्र पडलं, त्याला शुक्रवारी कुणीच काही केलेलं न्हाय. केलं ते महिन्याभरापूर्वी."

"कुणी?" यशोधरानं विचारलं.

गुरुलिंगअप्पांनी हातातलं सुकं फूल खिशात ठेवलं. "पत्रा लावून टाका. उद्या दहापर्यंत दोघंही गप्प रहा."

५

भांडाराच्या दाराशी कल्याणप्पा टाळ पुसत बसले होते. सप्ताह संपला की टाळ पुसून फडक्यात बांधायची त्यांची रीत.

गुरुलिंगअप्पा शेजारी बसले. मग त्यांनी खिशातलं फूल काढून दोघांच्या मधे पायरीवर ठेवलं.

कल्याणप्पांचे हात थांबले.

"पडद्यापुढं वारा लागत न्हाय, कल्याणप्पा. वारा मागं लागतो. तुमी फूल ठेवत हुता ते डब्याला. डबा जुनाच हाय, हे साऱ्या कचेरीत तुमाला एकट्यालाच ठावं हुतं."

"अण्णा..." कल्याणप्पा म्हणाले. "तो इंजिनिअर पोरगा स्क्रू काढायला लागला. म्हणाला, जुना डबा भंगारात टाका. महाराजांचा हात लागलेला डबा! म्या म्हणालो, चेअरमनसाहेबांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय. खोटंच म्हणालो. त्याला सोलापूरची एस.टी. गाठायची हुती. कागद त्यानं आधीच लिहून आणला हुता. म्हणाला, चालंल तवर चालवा, अडलं की नवा बसवा. नवा ह्या फळीवर हाय, कापडात."

"अडलं की न्हाय?"

"अडलं."

"मग?"

"पयल्यांदा वाटलं, दुसरं काही असंल. दुसऱ्यांदा भ्यालो. आन् मग..." त्यांनी टाळ मांडीवर ठेवले. "मग सगळे त्या पोरीचं नाव घ्यायला लागले, आन् म्या गप्प बसलो. रोज फूल ठेवत हुतो, अण्णा. म्हणत हुतो, देवा, आज नको पडू देऊस."

गुरुलिंगअप्पांना राग आला होता. पण समोरच्या माणसाच्या बोटांनी पन्नास वर्षं गजराला टाळ धरला होता.

"सकाळी बुवांनी सांगितलेली बाई आठवती?" ते उठत म्हणाले. "उंबऱ्याला नावं ठेवणाऱ्यांत तुमी बी हुता. उद्या दहाला बैठक हाय. काय घडलं ते म्या सांगीन. कुणी केलं ते सांगणार न्हाय."

"का?"

"ते माझ्या तोंडून निघालं तर नुसती चुगली हुईल. तुमच्या तोंडून निघालं, तर त्या पोरीचं नाव तिला परत मिळंल."

६

सोमवारी दहाला संचालक जमले. यशोधरा दाराशी उभी होती. कुणी बस म्हणालं नव्हतं. नानासाहेबांपुढं टाईप केलेला कागद होता, सहीची जागा कोरी.

कल्याणप्पांची खुर्ची रिकामी होती.

गुरुलिंगअप्पांनी बाहेरच्या हमरस्त्यावर नळदुर्गहून येणाऱ्या ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून सगळं सांगितलं. वही, काटा, पंखा, भस्म, पासष्टचा आकडा. मग म्हणाले, "आकडेमोड पोरीनं करावी. तिचं शिक्षण हाय."

यशोधरानं फळ्यावर लिहिलं. यंत्राचा मुख्य भाग आणि त्यातली कार्डं, चाळीस वॅट. हार्ड डिस्क, पंचवीस. फ्लॉपीची दोन यंत्रं, पंधरा पंधरा. एकूण पंच्याण्णव.

"नुसतं टाईप करताना फ्लॉप्या फिरत नाहीत. पासष्टात कसंबसं भागतं," ती म्हणाली. "यादी उतरवायला घेतली की सगळं एकदम चालतं. तेव्हा डबा खचतो, आणि लिहिता लिहिता यंत्र पडलं की यादी मोडते."

"मग शंभराचा बी चालला असता," एक संचालक म्हणाले. "दीडशे कशाला?"

"तात्या, तुमी लग्नात स्वयंपाक सांगताना पंगतीच्या नेमक्या माणसांचा सांगता काय?" गुरुलिंगअप्पांनी विचारलं. "ह्या खोलीत उन्हाळ्यात भिंत तापती. तापल्यावर कुठल्याही डब्याचा दम कमी हुतो. यंत्र सुरू हुताना हार्ड डिस्क झटका मारून जास्त ओढती. म्हणून सकाळी दोनदा बटण दाबावं लागायचं. डबा घ्यायचा तो गजर हुतो तेवढा मोजून, आन् वर थोडा श्वास ठेवून. म्या बी काल हेच विसरलो, साऱ्या गावानं ऐकलं."

कुणीतरी हसलं. नानासाहेब हसले नाहीत.

"समदं खरं. पण सही केलेला कागद खोटा हाय. जुना डबा ठेवला कुणी?"

गुरुलिंगअप्पा दाराकडं बघत राहिले. नानासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"म्या ठेवला."

कल्याणप्पा दारात उभे होते. घामानं भिजलेले, कापडात गुंडाळलेला नवा डबा दोन्ही हातांत. पुढं येऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला, टोपी काढली आणि घडलं तसं सांगितलं. एस.टी.ची घाई, चेअरमनच्या नावानं सांगितलेलं खोटं, तीन आठवड्यांचं गप्प बसणं. काहीच वगळलं नाही.

नानासाहेबांनी पुढचा कागद उभा फाडला. "बनसोडेबाई," ते म्हणाले. आजवर ते तिला नुसतं 'ए पोरी' म्हणत. "चूक माझी बी हाय. भिंतीतली वीज मोजली, यंत्रातली मोजली न्हाय. माणसाला तर मोजलंच न्हाय. आज बैठकीच्या वृत्तांतात तुमचं नाव जसंच्या तसं स्वच्छ लिहिलं जाईल. कल्याणप्पांचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत."

अर्ध्या तासात आबारावनं नवा डबा बसवला. जुना हातात घेऊन कल्याणप्पा खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. कुठं ठेवावा ते कळेना.

"अण्णा, ह्याला नदीत सोडावं म्हटलं तर बोरीला पाणी न्हाय."

"पोळ्याला पुजलेला बैल थकला, तर तुमी त्याला जुंपता काय?" गुरुलिंगअप्पा म्हणाले. "भंगारात बी घालत न्हाय. दावणीला ठेवता. ठेवा ह्या भिंतीवरच्या फळीवर. फूल वाहायचं तर तिथं वाहा. ओझं मात्र आता ह्या नव्याला वाहू द्या."

कल्याणप्पांनी डबा फळीवर ठेवला. मग यशोधरापुढं येऊन हात जोडले.

ती त्यांच्याकडं बघत राहिली. तीन आठवडे कचेरीत कुणी तिच्या हातचा चहा घेतला नव्हता. घरी वडील जेवताना मान वर करत नव्हते. ते सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि ती ते लपवत नव्हती.

"माफीचं मला आज काही सांगता येणार नाही, कल्याणप्पा," ती म्हणाली. "शुक्रवार दुपारपासून बसून यादी पुन्हा टाईप करून ठेवली आहे. कालचा रविवारही त्यातच गेला."

तिनं फ्लॉपी घातली. हार्ड डिस्क घुमत होती, फ्लॉपीची घरघर तिच्यात मिसळली. गुरुलिंगअप्पांनी डोळे मिटले. दोन्ही सूर जोडीनं चालले, चालत राहिले. कुठंच उतरले नाहीत.

प्रिंटर करकरू लागला. लांबच लांब कागद बाहेर येऊन जमिनीकडं झुकला.

"कागद दुमडतोय," यशोधरा म्हणाली. "धरा जरा."

कल्याणप्पा पुढं झाले. टाळ धरावा तसा त्यांनी दोन्ही हातांनी कागद अलगद धरला. एकेक नाव त्यांच्या तळहातावरून खाली सरकू लागलं, आणि बाहेर आबारावनं पहिल्या ट्रकची ताडपत्री सोडली.